प्लारेलचा निळा रूळ

खेळण्यातली आगगाडी बघताना नजर आधी गाडीवर जाते. इंजिन, डबे, खिडक्या, रंग. रूळ काय, गाडी पळायला काहीतरी लागतं म्हणून असतात, असं आपण धरून चालतो. जपानच्या ‘प्लारेल’चा रस घ्यायचा तर मात्र सुरुवात रुळापासूनच करावी लागते. गाड्या नव्या येत राहिल्या, जुन्या बाजारातून गेल्या. रूळ 1959 पासून तोच आहे. निळा, प्लास्टिकचा, वरून दोन खोबणी गेलेला. माझ्या मते या खेळण्याची सारी प्रतिभा त्या रुळात आहे.

एइचिरो तोमियामा यांनी 1924 साली तोक्योत खेळण्यांचा कारखाना काढला. पुढे त्याचीच ‘टोमी’ झाली आणि 2006 मध्ये ‘ताकारा टोमी’. याच घराण्यातून 1959 साली प्लास्टिकची गाडी आणि रूळ असा संच बाहेर पडला. जपानी खेळणी म्हणजे पत्र्याची, अशी ओळख असण्याचा तो काळ. पहिल्या संचात मोटर नव्हती, गाडी हाताने ढकलायची. बॅटरीची गाडी आली 1961 मध्ये. म्हणजे रूळ आधी, चाल नंतर. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

आता रूळ हातात घेऊ. सरळ रुळाची लांबी साडेएकवीस सेंटीमीटरच्या आसपास, आणि वळणाच्या रुळाची त्रिज्याही तेवढीच. आठ वळणं जोडली की पुरं वर्तुळ होतं. बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं तर सुमारे 47 सेंटीमीटर. हे माप आलं जपानी घरातल्या ‘चाबुदाइ’वरून. चाबुदाइ म्हणजे बुटक्या, मिटत्या पायांचं जेवणाचं टेबल. सगळं कुटुंब जमिनीवर बसून त्याभोवती जेवायचं. जेवण आटोपलं की टेबल भिंतीशी उभं करायचं आणि त्याच खोलीत अंथरुणं पडायची. अशा घरात आगगाडीसाठी कायमची जागा कुठून काढणार? तेव्हा जेवणाच्या टेबलावर मावेल आणि हाक आली की झटकन गोळा करता येईल, एवढाच लोहमार्ग हवा होता. लहान घराची अडचण इथे खेळण्याचं परिमाण झाली.

त्रिज्या आणि सरळ रूळ यांची लांबी एक ठेवण्यात केवढी समज आहे, ते मांडणी करताना उमगतं. वळणाचे दोन रूळ लावले की मार्ग काटकोनात वळतो. त्या वळणात तो जितका पुढे जातो तितकाच बाजूला सरकतो, आणि ही दोन्ही अंतरं बरोबर एका सरळ रुळाएवढी. त्यामुळे काटकोनी वळणं आणि सरळ रूळ कसेही गुंफले तरी सगळं एकाच अदृश्य चौकटीत बसत जातं. चार वर्षांचं मूल मनाला येईल तसा मार्ग टाकत जातं, आणि शेवटी उरलेली फट एका रुळात भरून निघते. भूमिती त्याला कुणी शिकवलेली नसते. ती रुळातच ओतलेली असते.

जोडही असाच साधा. एका टोकाला पुढे आलेली गोलसर जीभ, दुसऱ्या टोकाला तिच्या मापाची खाच. वरून दाबलं की बसलं, उचललं की सुटलं. याचा एक परिणाम असा, की प्रत्येक रुळाला दिशा येते. मार्ग फिरवून उलटा त्याच वाटेला मिळवू पाहिला की दोन जिभा समोरासमोर येतात आणि मूल अडतं. त्यासाठी दोन्हीकडे जीभ किंवा दोन्हीकडे खाच असलेले अर्धे रूळही केलेले आहेत. ते शोधायला लागेपर्यंतचा तो अडलेला क्षण मला या खेळातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

गाडीबद्दल थोडक्यात. 1 ऑक्टोबर 1964 रोजी तोक्यो आणि ओसाकादरम्यान शिंकान्सेन ही अतिजलद आगगाडी धावू लागली, आणि त्याच वर्षी तिच्यातली ‘हिकारी’ प्लारेलमध्ये आली. खरी गाडी 12 डब्यांची, ताशी 210 किलोमीटर वेगाची. तिच्या मार्गावरचं सर्वसाधारण वळण कमीत कमी अडीच हजार मीटर त्रिज्येचं. तिला एक वीत त्रिज्येच्या वळणावर आणायचं, तर बारकाईने केलेली हुबेहूब नक्कल कामाची नव्हती. म्हणून तीनच डबे: तोंड, मधला, शेपूट. तेही आखूड, फुगीर. एका डब्यात मोटर आणि एक बॅटरी, ओढणाऱ्या चाकांवर रबराची धाव, टपावर चालू-बंद करायची छोटी कळ. तरीही नाकाचा तो गोलावा आणि निळा-पांढरा पट्टा बघून जपानी मूल ओळखायचंच, ही हिकारी. काय गाळायचं हे ज्याला कळलं त्याचंच हे काम.

पहिल्या वर्षांतला रूळ आजच्या रुळाला जोडता येतो, म्हणजे आजोबांच्या पेटीतला तुकडा नातवाच्या मार्गात बसतो. पण जुनं माप राखणं म्हणजे नव्याला अडवणं नव्हे, हे 2011 च्या ‘प्लारेल अ‍ॅडव्हान्स’ने दाखवलं. त्यातल्या गाड्या अंगाने अरुंद होत्या, इतक्या की एकेरी म्हणून घडवलेल्या त्याच निळ्या रुळावर दोन गाड्या शेजारी शेजारी धावू शकत. मुळातल्या रुळाला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या खोबणींकडे फक्त नव्याने पाहिलं होतं.