पाटीवर नसलेले नाव

वाणिज्य शाखेत मी पंचवीस वर्षे शिकवले. ‘लहान व्यवसायाच्या यशापयशाची कारणे’ हा प्रश्न परीक्षेला हमखास येणारा, म्हणून त्याचे उत्तरही ठरलेले. भांडवल, व्याज, कर्ज ही आर्थिक कारणे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आर्थिकेतर कारणे : उद्योजकीय वृत्ती, कौटुंबिक पार्श्वभूमी, पूर्वानुभव, जागेची निवड, ग्राहकांशी संबंध. ही यादी मी फळ्यावर लिहिली, मुलांनी वहीत उतरवली आणि गुण मिळवले. त्या यादीत एक शब्द कधीच नसे. तो शब्द म्हणजे जात. आज मला या यादीचीच समीक्षा करावयाची आहे, आणि ती करताना स्वतःलाही मोकळे सोडावयाचे नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला हा बौद्ध तरुण बी. कॉम. झाला, नोकरी मिळेना, म्हणून कर्ज काढून गावातच पिठाची गिरणी टाकली. यंत्र नवे, वीज होती, दळणाचा दर दोन पैशांनी कमीच. पाटीवर त्याने अभिमानाने आपले आडनाव लिहिले. आमच्या वस्तीतले डबे आले. गावातले आले नाहीत. बायाबापड्या डोक्यावर दळण घेऊन दीड मैलावरच्या दुसऱ्या गिरणीला जात. कोणी भांडले नाही, कोणी शिवी दिली नाही. विचारले तर उत्तर एकच : “तुझ्याकडं पीठ जाड येतं, बाबा.” त्याने दगडांना पुन्हा टाकी लावून घेतली. पीठ बारीक झाले, डबे मात्र आले नाहीत.

हप्ते थकले तेव्हा तो माझ्याकडे आला. मी त्याला व्यवहारी सल्ला दिला : तालुक्याच्या गावी गाळा घे आणि पाटीवर आडनाव लिहू नकोस, एखाद्या देवाचे नाव टाक. त्याने तसे केले. यंत्र तेच, माणूस तोच, कर्जही तेच. गिरणी चालू लागली. पुढे एकदा मी तिथे गेलो, तेव्हा बाबासाहेबांची तसबीर दिसली नाही. ती घरात, आतल्या खोलीत होती. त्याचा लहान मुलगा मला म्हणाला, “दुकानात लावली की पप्पा रागावतात.”

या एका वाक्याने माझी पंचवीस वर्षांची यादी खोटी पाडली. कोणी म्हणेल, शहरात गिऱ्हाईक अधिक, म्हणून गिरणी चालली. मान्य. पण मग तसबीर आत का गेली?

यादीतला एकेक शब्द आता सोलून पाहू. ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ म्हणजे काय? व्यापारी जातीतला मुलगा चुलत्याच्या पेढीवर पुड्या बांधत वाढतो. माल कुठून घ्यावा, कोणाला उधार द्यावे, वसुली कशी करावी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या पोराला हे ज्ञान पहिल्या तोट्यातून मिळते, आणि बहुधा तोच त्याचा शेवटचा तोटा ठरतो. ‘जागेची निवड’ म्हणजे काय? बाजारपेठेतला गाळा मालकाने द्यावा लागतो. ‘बाजारातील पत’ म्हणजे घाऊक व्यापाऱ्याने ओळखीवर दिलेली पंधरा दिवसांची उधारी. आणि ही ओळख सोयरिकीच्या वाटेने येते. म्हणजे ज्यांना पुस्तक आर्थिकेतर कारणे म्हणते, ती बहुतांशी जातीचीच सभ्य टोपणनावे आहेत.

आणि ‘उद्योजकीय वृत्ती’? हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्रातील काकिनाडा येथे लहान व्यावसायिकांमध्ये यशाची ईर्षा जागवण्याचा प्रयोग केला. त्या प्रयोगाला मी कमी लेखत नाही. परंतु त्याच्या आधारे आमच्यात ‘वृत्तीचा अभाव’ शोधणाऱ्यांना मी विचारतो : ज्याने दगडांना दुसऱ्यांदा टाकी लावली, त्याच्यात ईर्षा कमी होती काय? वृत्ती तपासायचीच असेल, तर डबा डोक्यावर घेऊन दीड मैल चालणाऱ्या गिऱ्हाइकाची का तपासू नये?

हा अनुभव एका गिरणीपुरता नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर, आणि १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, बाबासाहेबांनी भागभांडवलाच्या गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाकडे कोणत्या ‘कौशल्याचा’ अभाव होता? त्याच १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतांवर लिहिताना त्यांनी दाखवून दिले, की शेताचा लहानमोठेपणा केवळ एकरांवर ठरत नाही. त्याला अन्य साधनांची जोड कितपत आहे, यावर ठरतो. हाच विचार दुकानाला लावला पाहिजे. आमचा व्यवसाय केवळ रुपयांनी लहान नाही.

पुढच्या काळातली माहितीही हेच सांगते. ११ राज्यांतील ५६५ खेड्यांच्या पाहणीवर आधारलेला ग्रामीण अस्पृश्यतेचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अनेक गावांत दलितांना दूध विकू दिले जात नाही, हे त्यात नोंदलेले आहे. म्हैस कर्जातून येईल. दुधाला लागलेला विटाळ कोणत्या कर्जातून फिटणार? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांसाठी समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. पाटीचे काय आणि अर्जाचे काय, आडनाव आधी वाचले जाते.

शासनाचे उपाय मात्र मुख्यतः पैशाचेच. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ चे. २०१६ च्या ‘स्टँड अप इंडिया’ योजनेत १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्जाची तरतूद होती. हे पैसे हवेत, त्यावर पाणी सोडण्याचे कारण नाही. परंतु कर्ज यंत्र आणते, गिऱ्हाईक आणत नाही. म्हणून मला २०१२ चे केंद्रीय खरेदी धोरण वेगळे वाटते. केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून करावी, असे ते सांगते. इथे प्रथमच गिऱ्हाइकावर जबाबदारी येते. पण गावातल्या गिरणीला ते धोरण कुठून पोचणार?

आपल्याही अंगणात पाहिले पाहिजे. आपल्या वस्तीतला माणूस दुकान काढतो, तेव्हा आपण नगदी घेऊन वाण्याकडे जातो आणि उधारीला मात्र त्याच्या दारात येतो. त्याच्या दुकानाला हाही एक मार आहे, हे मान्य केले पाहिजे.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील त्या नावाची कथा आपण वर्गात शिकवतो, तिच्यावर चर्चासत्रे घेतो. त्या कथेत खोलीसाठी जात चोरावी लागते. माझ्या विद्यार्थ्याला ती गिरणीसाठी चोरावी लागली. आणि चोरीचा सल्ला देणारा मी होतो, कथा शिकवणारा शिक्षक. तो बंडखोर नाही, असे म्हणून त्याला हिणवणे सोपे आहे. पण त्याचे हप्ते मी भरणार नाही, तेव्हा माझ्या निष्ठेची किंमत त्याने मोजावी, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पाटीचा जाब विचारायचाच असेल, तर ती वाचून परत फिरणाऱ्याला विचारावा लागेल. वाणिज्याच्या वर्गात, महामंडळाच्या अहवालात, गावच्या चावडीवर.

मी आता निवृत्त आहे. ज्या शिक्षकांच्या हाती तो फळा आहे, त्यांना एवढेच सांगणे : यादी लिहा, पण तिच्यात तो शब्द पहिला लिहा. गुण जातील. जाऊ द्यात.