विषुववृत्तावरचा शिमगा

शाळेत भूगोल शिकवताना विषुववृत्त ही काल्पनिक रेषा आहे, असे मी मुलांना दरवर्षी सांगतो. खलाशांना मात्र ती दाराच्या उंबरठ्याइतकी खरी वाटत आली आहे. ती प्रथमच ओलांडणाऱ्या नवख्याला युरोपीय जहाजांवर समुद्रदेव नेपच्यूनच्या दरबारात उभे करीत. देव म्हणजे सोंग घेतलेला जुना खलाशीच! मग तोंडाला डांबर, लोखंडी पट्टीने हजामत आणि शेवटी पाण्यात बुचकळी. आपल्या शिमग्याचाच हा समुद्रावरचा भाऊ. (सुएझच्या वाटेने मुंबईहून विलायतेला गेलेल्या आपल्या प्रवाशांच्या नशिबी तो नव्हता, कारण ती सारी वाट उत्तर गोलार्धातली. मोंबासाला जाणाऱ्याला मात्र रेषा ओलांडावीच लागे.)

या प्रकाराच्या आठवणी मी आवडीने वाचतो. पण त्या वाचताना लेखक त्या वेळी कुठे उभा होता, हे आधी पाहावे लागते.

१७ फेब्रुवारी १८३२ रोजी ‘बीगल’ जहाजाने रेषा ओलांडली. तेवीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनने आपल्या रोजनिशीत त्या दिवसाचे मोठे प्रांजळ वर्णन केले आहे. बत्तीस नवख्यांना खालच्या मजल्यावर अंधारात, उकाड्यात कोंडले होते. तिथून नेपच्यूनचे शिपाई एकेकाला वर नेत. डार्विनचा नंबर पहिला. डोळे बांधलेले, चहूकडून बादल्यांचा मारा, तोंडावर डांबर आणि रंग. मग फळी कलंडली आणि स्वारी उलटीपालटी होऊन पाण्यात! तो हसतो, पण प्रकार पुरेसा त्रासदायक होता हेही लपवीत नाही. ही रोजनिशी छापून आली ती १९३३ साली. १८३९ मध्ये त्याने स्वतः प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात १६ तारखेचे सेंट पॉल खडक आहेत, २० तारखेचे फर्नांडो नोरोन्या बेट आहे. मधला १७ तारखेचा दिवस गाळला आहे. शास्त्रज्ञाच्या ग्रंथात डांबर लावलेले तोंड शोभत नाही, असे वाटले असेल. मला तरी त्या ग्रंथातले हे भोक खटकते.

कप्तान फिट्झरॉयने त्याच वर्षी आपल्या ग्रंथात या प्रथेची कड घेतली. प्रथा अप्रिय खरी, पण खलाशी तिच्या तयारीत रमतात, पुढे कितीतरी दिवस तिच्याविषयी बोलतात, आणि हा परिणाम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, असा त्याचा रोख आहे. म्हणणे अगदीच खोटे नाही. लांबच्या सफरीत माणसाला हसायला काहीतरी लागतेच. पण हे कप्तानाचे म्हणणे आहे. त्या दिवशी तोही भिजला, पण अंधारात कोंडलेल्या बत्तिसांत तो नव्हता!

याहून मोलाची नोंद जोसेफ बँक्सची आहे. २५ ऑक्टोबर १७६८ रोजी कुकच्या ‘एंडेव्हर’वर नवख्यांची यादी झाली. तीत माणसांबरोबर कुत्री-मांजरेही होती. बँक्स श्रीमंत. ब्रँडी देऊन त्याने स्वतःला, नोकरांना आणि आपल्या कुत्र्यांनाही सोडवले. इतरांना सुटकेचा भाव चार दिवसांच्या वाट्याची वाइन. बऱ्याच जणांनी त्यापेक्षा डोलकाठीच्या आडव्या वाशावरून तीनदा समुद्रात बुडणे पत्करले. कोणी बाहेर येताना फुशारकीने हसत होता, कोणाचा जीव गुदमरला होता, हे बँक्सने बारकाईने टिपले आहे. आणि जहाजावरच्या पोरांविषयी तो सहज लिहून जातो की, त्यांना तर नेहमी बुडवतातच.

या एका वाक्यापाशी मी थांबतो. कुत्र्यांसाठी ब्रँडी मोजली गेली, पोरांना भावच विचारला नाही. मी शिकवतो ती मुले साधारण त्याच वयाची. बँक्सचा स्वर क्रूर नाही. तो नुसता निश्चिंत आहे, आणि म्हणूनच त्याची साक्ष खरी वाटते. डार्विननेही लिहून ठेवले आहे की आपण स्वस्तात सुटलो, बाकीच्या बहुतेकांचे हाल अधिक झाले, त्यांच्या तोंडात घाण कोंबली. ते कोण, हे मात्र तो सांगत नाही.