नो-कोडमधला कोड जातो कुठे?

नो-कोडची जाहिरात सगळीकडे सारखीच: प्रोग्रामर नको, चौकोन ओढा, जागेवर सोडा, ॲप तयार. आश्वासन जुनं आहे. प्रोग्रामरविना ॲप्लिकेशन कसं करायचं यावर जेम्स मार्टिन यांचं अख्खं पुस्तक १९८१ सालचं. हे आश्वासन खोटं नाही, अर्धवट आहे, असं आमचं म्हणणं. तपासायला लांब जायला नको, आपल्या मानपाड्याहून (डोंबिवलीच्या, ठाण्याच्या नव्हे!) एमआयडीसीकडे चला.

समजा, एका छोट्या कारखान्याला जॉबवर्कला दिलेल्या मालाची नोंद ठेवायची आहे. चलन नंबर, तारीख, वजन, कोणाकडे गेला. चार रकाने, स्टोअरकीपर अर्ध्या तासात फॉर्म करतो. हा विजय आम्हाला छोटा वाटत नाही. माल कुठे अडकतो हे ज्याला ठाऊक, त्यानेच साधन बनवलं!

पुढे माल दोन खेपांत परत येतो. थोडी घट होते. उरलेला परस्पर दुसऱ्या जॉबवर्करकडे जातो. जीएसटी कायद्यानुसार कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागतो. माल हात बदलतो, वर्ष मात्र पहिल्या चलनापासूनच मोजलं जातं. मग स्टोअरकीपर सूत्र लिहितो. सूत्रात अट, अटीत आणखी अट. हा कोडच झाला की! फक्त तो रकान्यात दडलाय, आणि काल तो कोणी बदलला हे पाहायची सोय अनेकदा नसते.

प्लॅटफॉर्म बांधणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. प्रत्येक मागणीला एक नवं बटण दिलं, तर शेवटी एक बेढब प्रोग्रामिंग भाषाच तयार होते. नाही म्हटलं, तर गिऱ्हाईक जातं.

मुंबईच्या फ्रापेचं उदाहरण आम्हाला म्हणूनच मोलाचं वाटतं. रुषभ मेहतांनी घरच्या फर्निचर व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बांधता बांधता ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. त्यात फॉर्मची व्याख्या म्हणजे डॉकटाइप. ती भरली की टेबल, स्क्रीन, परवानग्या आपोआप. गंमत म्हणजे डॉकटाइप हासुद्धा एक डॉकटाइपच! आणि अट जड झाली की सरळ पायथॉन लिहा, असं ते उघडपणे सांगतात. नवख्याला त्यातल्या सेटिंग्ज पाहून घाम फुटतो, हा दोष आहेच. पण मूळ कोड खुला आहे. उद्या दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतो.

याउलट गूगलचं ॲप मेकर जानेवारी २०२१मध्ये बंद झालं. डेटा बाहेर काढता आला, पण ॲप जसंच्या तसं दुसरीकडे नेता येणार नाही, असं गूगलनेच सांगितलं होतं. म्हणजे लोकांनी विचार करून बसवलेले नियम पुन्हा पहिल्यापासून बसवायचे.

तेव्हा डेमोला कोणी आला, तर त्याला फॉर्म बनवून दाखवायला सांगू नका. तो सगळ्यांना जमतो. अर्धा माल परत आलेलं एक चलन रद्द करून दाखवायला सांगा.