दरबार आणि चूल

गेली बरीच वर्षे मी शाळेत मराठी शिकवीत आले आहे. ‘केवढे हे क्रौर्य’ शिकवायची वेळ आली, की मी फळ्यावर कवीचे नाव लिहिते : ना. वा. टिळक. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “बाई, वाचनालयातल्या पुस्तकावर नावाआधी ‘रेव्हरंड’ आहे. तुम्ही का नाही लिहिलं?” मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे ते ख्रिस्ती? मग ते आपले कसे?”

वर्गात एक ख्रिस्ती मुलगी होती. तिने मान खाली घातली. तेवढ्यात घंटा झाली, आणि “उद्या सांगते” असे म्हणून मी सुटले. खरे सांगायचे तर मी पळाले. ‘रेव्हरंड’ हा शब्द मी इतकी वर्षे विसरत नव्हते, टाळत होते.

घरी येऊन मी ‘स्मृतिचित्रे’ काढले. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी बहुतेकजण ते वाचतात ते हसण्यासाठी. हातातला पैसा वाटेतच देऊन टाकून रिकाम्या हाताने घरी येणारे टिळक, आणि सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात न घेणारे लक्ष्मीबाईंचे वडील, ही माणसे कोण विसरेल? मीही आजवर तशीच वाचली. या खेपेला मात्र मी त्या पुस्तकात एक देऊळ शोधीत होते. त्या देवळाला भिंती नव्हत्या, आणि त्याचे नाव होते ‘देवाचा दरबार’.

वाचकांपैकी ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते अनेक वर्षे राबले, आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला, सातारा गाठले आणि दरबाराची घोषणा केली. त्या काळी एखाद्या गावचा ख्रिस्ती कोणत्या पंथाचा, हे त्या गावात आधी कोणते मिशन पोहोचले यावर ठरे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिका येथले जुने तंटे आमच्या नगर-नाशिकच्या माणसांना जन्मभर वागवावे लागत. टिळकांना हे ओझे नको होते. ख्रिस्त हा गुरू, त्याचे शिष्य एकमेकांचे भाऊ, आणि उपासना आपल्या भजन-कीर्तनाची. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. सर्वांत धाडसाची गोष्ट ही, की या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही यावयाचे होते.

ही कल्पना त्यांना सुचली कोठून? अभ्यासक संतांकडे बोट दाखवितात, आणि ते बरोबरच आहे. पण मी कादंबऱ्या लिहिणारी बाई. कल्पना कोठल्या ग्रंथातून आली हे पाहण्याआधी ती कोठल्या घरात वाढली हे मी पाहते. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही काळ त्यांनी आपल्या माणसांत, पंढरपुरात काढला. मग त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपले सोवळे सांभाळूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. पुढे एके दिवशी त्यांचे त्यांनाच पटले, की जातिभेद हा देवाचा नव्हे, माणसांचा आहे. तेव्हा त्यांनी विटाळ सोडला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी मन बदलले, पाणी डोक्यावर नंतर पडले. मधल्या त्या काळात लक्ष्मीबाई कोण होत्या? बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याच! टिळकांनी १९१७ मध्ये ज्या दरबाराची घोषणा केली, तो त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात कितीतरी आधी भरून गेला होता. त्याची घटना शोधायची असेल तर ‘स्मृतिचित्रे’मधली ही पाने वाचावी.

आता दोष सांगते. दरबारात सिंहासन एकच, आणि ते देवाचे. टिळकांनी ते कधी आपलेसे केले नाही. पण सिंहासन नाकारणारा माणूसच त्या घराचा एकुलता एक खांब होऊन बसला. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. जेमतेम दोन वर्षांचा दरबार त्यांच्यामागे तग धरू शकला नाही. पंडिता रमाबाईही कोणत्याच पंथाच्या दावणीला बांधलेल्या नव्हत्या. पण त्यांनी केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना उभारला. त्या १९२२ मध्ये गेल्या, तरी ‘मुक्ती’ अजून उभी आहे. प्रेमाला विहीर आणि छापखाना लागतो, हे कवीला उमगले नाही.

दुसरा दोष अधिक बोचतो. कोणालाही दार बंद न करणाऱ्या या माणसाने आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय बायकोला बरोबर न घेताच घेतला. लक्ष्मीबाई हे लपवीत नाहीत, आणि त्याचा डांगोराही पिटीत नाहीत. त्यांच्या विनोदाखाली ती कळ सतत जाणवते. नवऱ्याला संत न करता त्याच्यावर प्रेम करणे, हेच मला या पुस्तकाचे खरे मोठेपण वाटते.

आणि दरबाराचा वारसा? तो कोणा आचार्याकडे गेला नाही. टिळकांनी ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्याय लिहून ठेवले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले, ते एके काळी अक्षरे जुळवीत वाचणाऱ्या लक्ष्मीबाईंनी. १९७० मध्ये नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, हे मोठेच काम झाले. पण ती बाप्तिस्मा घेतलेल्यांची जूट होती. टिळकांचे दार त्याहून रुंद होते, आणि ते आज कोणत्याही मंडळीत नाही, एका बाईच्या पुस्तकात उघडे आहे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पूर्ण नाव लिहिले : रेव्हरंड नारायण वामन टिळक. मुलांना म्हटले, “काल टाळलं, ती माझी चूक. ‘आपले’ कोण, हे ठरवण्यातच या माणसाचा जन्म गेला. आपण एका तासात कसं ठरवणार?” मग त्या चुलीची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्याने विचारले, “बाई, पाणी वेगळं म्हणजे माठसुद्धा वेगळा?” मी हो म्हटले. तो गप्प झाला. त्या मुलीने नाव वहीत उतरवून घेतले, ‘रेव्हरंड’सकट.