रॉक रसिकाची अभिरुची आणि रेकॉर्डचे प्रामाण्य

संगीत समीक्षेत रसिकाच्या मताला बहुधा दुय्यम स्थान दिले जाते. तथापि रॉक संगीताची वाटचाल घडविण्यात श्रोत्यांच्या आवडीनिवडीचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात या अभिरुचीचा एकच निकष तपासला आहे : रेकॉर्डशी तंतोतंत साम्य.

हा निकष निराधार नाही. बीटल्सने १९६६ मध्ये दौरे थांबविले आणि १९६७ मध्ये स्टुडिओत घडविलेला 'सार्जंट पेपर्स' प्रसिद्ध केला. येथे रेकॉर्ड ही मैफलीची नोंद नसून स्वतंत्र कलाकृती आहे. जिमी हेंड्रिक्सच्या गिटारचा फाटलेला, घोंगावणारा नादही हेतुपुरस्सर घडविलेला आहे. याउलट बालगंधर्वांची सुमारे तीन मिनिटांची तबकडी ही नाट्यपदाची केवळ चुणूक होती. रंगमंचावर 'वन्स मोअर'ला तेच पद नव्याने फुलत असे.

सोलापूरसारख्या शहरातील रसिकाला रॉक प्रामुख्याने कॅसेटमधून भेटले. साहजिकच प्रत्यक्ष वादनाची पारखही कॅसेटवरूनच होऊ लागली. परिणामी हुबेहूब नक्कल करणारा बँड श्रेष्ठ आणि स्वतःची रचना सादर करणारा उपरा ठरण्याचा धोका निर्माण झाला. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'ने १९८८ च्या 'रॉक अँड रोल रेनिगेड' या अल्बममध्ये स्वतःच्या रचना दिल्या, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. त्यांचा साचा पाश्चात्त्य हार्ड रॉकचाच होता, हेही नमूद केले पाहिजे. १९९३ मध्ये या बँडने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले.

सारांश, रेकॉर्डवरील निष्ठा हा रसिकतेचा प्रारंभ आहे, अंत नव्हे. नाट्यसंगीताच्या श्रोत्याने 'वन्स मोअर'मधून गायकाला दिलेले स्वातंत्र्य रॉक रसिकानेही आपल्या कलावंताला देणे आवश्यक आहे.