सोन्थायमर यांचे वन आणि क्षेत्र

एखाद्या प्रांताच्या लोकजीवनावर ग्रंथ लिहिणारे पंडित आणि त्याच लोकजीवनाची चलच्चित्रे घेणारे लोक, हे दोन वर्ग आपल्याकडे एकमेकांस फारसे ओळखीत नाहीत. पंडितास कॅमेरा उथळ वाटतो, आणि चित्रपटकारास तळटीप रुक्ष वाटते. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन विद्वानाने ही दोन्ही कामे केली, आणि तीही महाराष्ट्राचे धनगर, वारकरी व मल्हारभक्त यांच्याविषयी केली. त्यांच्या विद्वत्तेची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. आम्हांस येथे त्यांचा ग्रंथ व त्यांचा चित्रपट यांचे नाते तपासावयाचे आहे. कारण यवतमाळसारख्या जिल्ह्यातून पाहू गेल्यास हा प्रश्न केवळ विद्वानांपुरता राहत नाही.

सोन्थायमर यांचा आरंभ कायद्यापासून झाला. हिंदू एकत्र कुटुंबाची कायदेशीर घडण हा त्यांच्या लंडनमधील प्रबंधाचा विषय होता व तो १९७७ साली पुस्तकरूपाने निघाला. धर्मशास्त्राचा अभ्यासक मेंढवाड्यावर कसा पोहोचला, याचे पुष्कळांस नवल वाटते. आम्हांस तितकेसे वाटत नाही. देशाचार व कुलाचार यांस स्मृतिकारांनी मान दिला आहे खरा, परंतु ते आचार प्रत्यक्षात कसे असतात हे पोथी सांगत नाही. त्यासाठी माळावरच जावे लागते. १९७६ साली प्रसिद्ध झालेला ‘बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा’ हा त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ म्हणजे असे माळावर जाण्याचे फळ होय. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली निघाले.

या ग्रंथाचे बळ धनगरी ओव्यांत आहे. ही ओवी म्हणजे ज्ञानेश्वरीची ओवी नव्हे. मुख्य गायक काही भाग गाऊन दाखवितो, साथीदार ते पद उचलतात, आणि मग तीच कथा गद्यात सांगितली जाते. अशी गाणे व सांगणे यांची आलटापालट रात्रभर चालते. हे सारे सोन्थायमर यांनी ध्वनिफितींवर साठविले. त्यांच्या संग्रहातील बिरोबा व धुळोबा यांच्या दोन कथा त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, २०१४ साली, फेल्डहाउस यांनी रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या साहाय्याने इंग्रजीत आणल्या. सोन्थायमर यांच्या हाती कॅमेरा येण्यापूर्वी त्यांचा कान तयार झालेला होता, ही गोष्ट आम्ही फार मोलाची समजतो.

‘वन आणि क्षेत्र’ ही जोडी हे त्यांचे दुसरे देणे. नांगराखालची, वसलेली भूमी ते क्षेत्र. रान, कुरण, शिकारीची जागा ते वन. ही दोन जगे वेगळी, पण तुटलेली नव्हेत. जेजुरीचा खंडोबाच पाहा ना! म्हाळसा ही लिंगायत वाण्याची लेक, देवाशेजारी गडावर विराजते. बाणाई धनगराची, तिचे स्थान गडाच्या अर्ध्या वाटेवर. देव शिकारीस जातो तो रानात, आणि तेथेच त्याचे मन गुंततें असे भक्त सांगतात. घरचा संसार व रानचा संसार हे एकाच देवाच्या पायांशी कसे नांदतात, ते सोन्थायमर यांनी ज्या मार्मिकतेने उलगडले, तशी मार्मिकता आमच्या कित्येक दैवतकथाकारांत आढळत नाही.

तथापि त्यांचा एक मोह आम्हांस खटकतो. अखंडतेचा हा मोह होय. रुद्र आणि खंडोबा यांच्यात त्यांनी सातत्य पाहिले. दोन्ही दैवते रानाशी निगडित, दोघांचाही कोप भयंकर, हे साम्य कोण नाकारील? परंतु दोन टोकांमधील हजारो वर्षांचा पूल केवळ साम्याच्या फळ्यांनी बांधला, म्हणजे आजचा धनगर हा प्राचीनाचा नुसता साक्षीदार ठरतो. त्याचे चरावयाचे रान ऊस व पाटबंधारे यांनी किती आखडले, हा प्रश्न मग मागे पडतो.

येथेच त्यांच्या चित्रपटांचे महत्त्व आहे. हेनिंग श्टेगम्यूलर यांच्या सहकार्याने त्यांनी पंढरीच्या वारीवर आणि राजा खंडोबाच्या शिकारयात्रेवर चित्रपट केले. कॅमेऱ्यास रुद्र दिसत नाही. त्यास त्या वर्षीचा भंडारा, त्या वर्षीची धूळ, त्या दिवशी थकलेला माणूस एवढेच दिसते. ग्रंथकाराने लांबविलेला काळाचा धागा चित्रपटकाराने नकळत वर्तमानाच्या खुंटीस बांधला, असे आम्ही म्हणतो. उलट, बाणाई वाटेवर का थांबली, हे पडदा स्वतः सांगू शकत नाही. ते ग्रंथातच वाचावे लागते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. दोन्ही कामे एकाच माणसाने करण्यात हा लाभ आहे.

आता यवतमाळकडे येऊ. वन आणि क्षेत्र ही कल्पना पारखून पाहण्यास याहून योग्य भूमी क्वचितच सापडेल. एकीकडे कापसाची काळी जमीन, दुसरीकडे सागाचे जंगल. कोलाम, गोंड, आंध, बंजारा यांची वस्ती. आणि दक्षिणेस पैनगंगा. परंतु बाहेरचा कॅमेरा येथे आला तो बहुधा मरणाच्या वार्तेमागून. २०११ सालचा मिका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ याच जिल्ह्यातील एका गावात घडतो. त्याच वर्षीचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ विदर्भातील कापूसवाल्यांच्या आत्महत्यांवरचा. हे चित्रपट करणारांस आम्ही दोष देत नाही. त्यांनी जे दाखविले ते दाखविणे अवश्यच होते. पण ज्या शेतकऱ्याचे कर्ज जगाने पाहिले, त्याचा देव, त्याचे गाणे, त्याच्या बायकोच्या माहेरची बोली यांतले काही जगाने पाहिले नाही. कर्जबाजारी माणूस तेवढा पडद्यावर आला; त्याचे बाकीचे आयुष्य बाहेरच राहिले.

येथे विद्येची परंपरा नाही, असेही नाही. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळातच राहून महानुभावांचे वाङ्मय उजेडात आणण्याचे काम केले. तो पोथीचा अभ्यास होता. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या राजगोंडांवर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यांनीही लेखणीबरोबर कॅमेरा बाळगला होता. कोलामांची वस्ती नदीच्या दोन्ही तीरांवर आहे, आणि त्यांची कोलामी ही द्राविड कुळातली भाषा मराठीच्या शेजारी आजही बोलली जाते. यवतमाळचा जो तरुण कॅमेरा खांद्यावर घेऊन या पाड्यांकडे निघेल, त्याने सोन्थायमर यांचे रुद्राविषयीचे निबंध मागाहून वाचले तरी चालेल. त्याने आधी कोलामी शिकावी, आणि निदान एक पावसाळा नुसते ऐकत बसावे.