प्रसूतिकालीन ऑक्सिटोसिन व गर्भाचा मेंदू : एका निष्कर्षाची मर्यादा

टिझिओ व सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या निबंधाचे प्रतिपादन असे की, प्रसूतिसमयी मातेचे ऑक्सिटोसिन उंदराच्या गर्भमेंदूतील ‘गाबा’ या द्रव्याचे कार्य काही काळ पालटते. चेतापेशींतील क्लोराइड घटते आणि एरवी उत्तेजक असणारे गाबा शामक बनते. मातेस ऑक्सिटोसिनरोधक औषध दिले असता हा पालट घडला नाही. प्राणवायूच्या अभावाचा आघातही अधिक तीव्र ठरला. प्रयोग निःसंशय मोलाचा आहे. परंतु रोधक द्रव्य संप्रेरकाची क्रिया थांबविते. त्याचा उगम दाखवीत नाही. गर्भाच्या स्वतःच्या स्रावाची शक्यता त्याने मिटत नाही. तात्पर्य, संप्रेरकाचा प्रभाव सिद्ध झाला; त्याचे मातृत्व मात्र अनुमानच राहिले. दोहोंचे स्राव पृथक् मोजल्यावाचून शीर्षकातील ‘मातेचे’ हे विशेषण पुराव्याच्या पुढे जाते.